लहान मोटार, मागे ट्रेलर : ओढण्याआधी थांबविण्याचा विचार

शिर्डी, राहाता आणि कोपरगाव ह्या पट्ट्यातील शेती ही पहिल्यापासून वाहतुकीची शेती आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी गोदावरीचे पाणी येथील काळ्या जमिनीत आणले आणि पाण्यामागून ऊस आला. शेजारच्या प्रवरा खोऱ्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस हे पीक असे आहे की, तोडल्यावर ते वाट पाहत नाही. जसजसा वेळ जातो तसतसे त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून ह्या भागातील शेतकऱ्याला नांगराइतकीच गाडीची काळजी घ्यावी लागली. लाकडी चाकाच्या गाडीची जागा रबरी धावेच्या टायरगाडीने घेतली, तिच्या जोडीला ट्रॅक्टरची ट्रॉली आली, आणि आज एकाच ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्याही हंगामात दिसतात.

आता पिकांची तऱ्हा बदलली आहे. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. डाळिंब, कांदा आणि भाजीपालाही बाजारात येतो. ह्या मालाचे वैशिष्ट्य असे की, तो एकदम निघत नाही. ऊस एकदा तुटला म्हणजे फड मोकळा होतो. पेरूच्या बागेतून मात्र आठवड्यातून अनेक वेळा, थोडी थोडी फळे काढावी लागतात. एखाद्या दिवशी दहा क्रेट, एखाद्या दिवशी पंधरा. एवढ्या मालासाठी भाड्याचा टेंपो बोलावला तर भाडे फळाचा नफा खाते, आणि न बोलावला तर पिकलेला पेरू थांबत नाही. ह्याच वेळी घराच्या ओट्यासमोर एक लहान मोटार उभी असते. मुलाच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, पाहुण्यांसाठी घेतलेली. मग साहजिकच मनात येते : मागे एक लहानसा ट्रेलर जोडला तर काय बिघडले?

ह्या प्रश्नाची थट्टा करून चालणार नाही. तो लहान शेतकऱ्याच्या खऱ्या अडचणीतून निघालेला प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर देताना बहुतेक जण एकाच गोष्टीचा विचार करतात, आणि ती म्हणजे मोटारीचे इंजिन तेवढे ओझे ओढील की नाही. खरा प्रश्न तो नाही. मोटार ओढील, सपाट रस्त्यावर पुष्कळच ओढील. खरा प्रश्न असा की, ओढलेले ओझे ती थांबवील काय?

ओढणे वेगळे, थांबविणे वेगळे

चाकांवरून जाणाऱ्या वस्तूला एकदा गती मिळाली म्हणजे ती चालू ठेवण्यास फार थोडी शक्ती लागते. ह्यामुळेच एक लहान इंजिन मोठे ओझे ओढू शकते आणि पाहणाऱ्याला वाटते की, काम साधले. थांबण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. लहान ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले म्हणजे त्याचे सगळे वजन थांबविण्याचा भार मोटारीच्या चार चाकांवर पडतो. त्या चाकांची रस्त्यावरची पकड मोटारीच्या स्वतःच्या वजनातून आलेली असते; मागे वजन जोडले म्हणून पकड त्या प्रमाणात वाढत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मोटारीचे वजन ८०० किलो आहे व मागच्या ट्रेलरचे मालासह ४०० किलो. आता थांबवावयाचे वजन दीडपट झाले, परंतु थांबविणारी पकड जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. साहजिकच ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही सुमारे दीडपट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी लहान मोटार ब्रेक दाबल्यापासून सुमारे २३ मीटरांत थांबत असेल, तर ह्या ट्रेलरसह तिला ३५ मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात आणखी १६ ते १७ मीटर निघून जातात, ते वेगळेच. ट्रेलर मोटारीइतकाच जड असेल तर ब्रेकचे अंतर दुपटीवर जाईल. आणि हा झाला कोरड्या रस्त्याचा हिशेब. पावसाळ्यात शेतातून आलेल्या चाकांनी डांबरावर काळा चिखल आणून टाकलेला असतो. त्यावर पकड आणखी कमी होते.

वेग कमी केल्याने ह्यात जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते वा घटते. ताशी ६० ऐवजी ४० किलोमीटरने जाणाऱ्या त्याच ट्रेलरला ब्रेकनंतर ३५ नव्हे, सुमारे १५ मीटर पुरतात. शिर्डीहून राहात्याचे अंतर पाच-सहा किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात ६० ऐवजी ४० ने गेल्यास फार तर तीन मिनिटे जास्त जातील. तीन मिनिटांत पेरूचा भाव पडत नाही.

ज्या देशांत मोटारीमागे ट्रेलर जोडणे ही रोजची गोष्ट आहे, तेथे हा धडा नियमांत उतरलेला आहे. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे मालासह वजन ७५० किलोंच्या वर जाऊ दिले जात नाही; आणि मोटार लहान असेल तर तिच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मे, ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. त्यावरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. त्यांची एक सोपी रचना अशी असते की, मोटार थांबू लागली म्हणजे मागचा ट्रेलर जोडावर पुढे रेटला जातो, आणि त्या रेट्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. जर्मनीतील काही महामार्गांवर मोटारीला कमाल वेगाची सक्तीची मर्यादा नाही, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याच मार्गावर मोटारीमागे ट्रेलर जोडला की मर्यादा ताशी ८० किलोमीटर होते. विशेष परवानगी मिळालेल्या ट्रेलरलाच १०० ची मुभा असते. उत्तम रस्ते आणि उत्तम यंत्रे असलेल्या देशात ही सावधगिरी बाळगली जाते, तर शिवाररस्त्यावरून निघून गर्दीच्या रस्त्याला लागणाऱ्या शेतकऱ्याने ती किती बाळगावी, हे सांगावयास नको.

बैलगाडीचे जुने शहाणपण

ट्रेलर ही वस्तू आपल्याकडे नवी आहे, असे मानण्याचे कारण नाही. बैलगाडी हा दोन चाकांचा ट्रेलरच होय, आणि ती भरण्याचे शास्त्र आपल्या वाडवडिलांना उत्तम अवगत होते. ओझे पुढे फार झाले तर जू बैलांच्या मानेवर दाबते आणि मानेला गाठी येतात. ओझे मागे फार झाले तर गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. म्हणून जाणता गाडीवान साटा भरताना मधूनमधून पुढे येऊन दांडी हाताने उचलून पाही. ती थोडी जड लागली पाहिजे, परंतु फार नव्हे. ही त्याची परीक्षा असे.

मोटारीमागच्या दोन चाकी ट्रेलरला हीच परीक्षा लागू आहे, आणि तिचे आकडेही ठरलेले आहेत. मालासह ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारणतः वीसावा ते दहावा हिस्सा जोडावर पडला पाहिजे. ४०० किलोंच्या ट्रेलरचा जोड २० ते ४० किलो जड लागावा. हे मोजण्यास कोणत्याही खास उपकरणाची आवश्यकता नाही. ट्रेलर सपाट जागेवर उभा करावा, चाकांना पुढे-मागे दगड लावावेत, आणि पेरू तोलण्याच्या काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर जोडाचा दांडा मोटारीच्या जोडाइतक्याच उंचीवर टेकवावा. काटा जे वजन दाखवील तेच जोडावरील वजन.

हे वजन फार कमी असेल किंवा ट्रेलर उलाळ असेल, तर वेग वाढताच तो डावी-उजवीकडे डोलू लागतो. हे डोलणे एकदा सुरू झाले की वाढतच जाते आणि शेवटी मोटारीची मागची बाजूही त्याबरोबर फेकली जाते. जोडावर फार वजन असेल तर मोटार मागे बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरविले तरी मोटार लवकर वळत नाही. रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून जड क्रेट चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे, तळाला ठेवावेत. हलके वर व मागे. माल दोरीने असा बांधावा की, थांबताना तो पुढे सरकणार नाही. वाटेत ट्रेलर डोलू लागल्यास घाबरून ब्रेक दाबू नये व स्टिअरिंगने त्याची बरोबरी करू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. नंतर थांबून माल पुन्हा लावावा.

एका बाबतीत मात्र बैलगाडीचा अनुभव उपयोगी पडत नाही. बैल मागचे ओझे रेटू लागले की पाय रोवतात, उतारावर अंग मागे टाकतात. यंत्राला ही जाणीव नसते. उतारावर मोटार वा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडून इंधन वाचविण्याची सवय म्हणूनच अत्यंत घातक आहे. गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव सुटतो, आणि सर्व भार तापलेल्या ब्रेकवर येतो.

हिशेब कागदावर मांडावा

ह्या मर्यादा पाळल्या तर लहान मोटारीमागून किती माल नेता येईल? लहान मोटारीचे वजन ८०० किलो धरले तर ट्रेलरची मर्यादा ४०० किलो. लोखंडी सांगाडा, आस, दोन चाके, पाटे आणि फळ्या मिळून रिकामा ट्रेलरच दीडशे ते दोनशे किलो भरतो. उरले दोनशे ते अडीचशे किलो. वीस किलोंचा एक क्रेट धरल्यास दहा ते बारा क्रेट पेरू. ह्याहून अधिक नाही.

आता ह्याच मोटारीचे मागचे आसन दुमडले आणि एकटा चालकच बसला, तर तेवढेच नाही तरी सात-आठ क्रेट आतच बसू शकतील. ते बांधून ठेवावे लागतील हे खरे, पण त्यांचे वजन मोटारीच्या स्वतःच्या ब्रेकांच्या हिशेबातले असते. म्हणजे ट्रेलरमुळे खरी भर पडते ती थोड्या क्रेटांची. त्या भरीसाठी ट्रेलरचा खर्च, त्याची नोंदणी व विमा, क्लच आणि ब्रेकची वाढलेली झीज, जादा इंधन आणि जादा जोखीम, एवढे सगळे उचलावयाचे काय, हा विचार शेतकऱ्याने स्वतः कागद घेऊन करावा. पुष्कळांचे उत्तर नाही असेच येईल. काहींचे होय येईल. त्यांनी तो योग्य रीतीने करावा. परंतु दहा क्रेटांच्या ट्रेलरमध्ये पंचवीस क्रेट घालून हिशेब जमविणे हे उत्तर नव्हे. तो हिशेब रस्ता कधी तरी मोडून टाकतो.

येथे फळाचाही विचार केला पाहिजे. स्प्रिंग वा पाटे नसलेल्या, टायरमध्ये हवा गच्च भरलेल्या हलक्या ट्रेलरमध्ये रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट फळापर्यंत जातो. पेरूची साल नाजूक. सकाळी ठीक दिसणारे फळ संध्याकाळपर्यंत डागाळते. बागेत वर्षभर छाटणी, खते आणि फळमाशीचा बंदोबस्त करून जी प्रत मिळविली, ती शेवटच्या सहा किलोमीटरांत गमवावयाची हे शहाणपणाचे नाही. तळाला पाचटाचा किंवा कडब्याचा थर, कागदाचे अस्तर आणि हळू वेग ह्यांनी हे नुकसान पुष्कळ टळते. म्हणजे वेग कमी ठेवणे हे केवळ अपघात टाळण्यासाठी नव्हे, तर बाजारभावासाठीही हिताचे आहे.

शिर्डीचा रस्ता साधा रस्ता नव्हे

कोठल्याही गावात ज्या गोष्टी चालून जातील, त्या शिर्डीच्या परिसरात चालणार नाहीत. नगर–मनमाड रस्त्यावरून मालमोटारी, बसगाड्या आणि भाविकांची वाहने अहोरात्र धावतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तरी त्यावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही. शेतमालाची ट्रॉली, उसाची टायरगाडी आणि गावची दुचाकी ह्यांना जुनेच रस्ते आहेत. ह्या रस्त्यांवर बाहेरगावचा चालक असतो. त्याला पुढच्या वळणावर शिवारातून ट्रॉली निघते, हे ठाऊक नसते.

शिवाय पायी चालणारे भाविक आहेत. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी ह्या उत्सवांच्या आधी सिन्नरकडून, मनमाडकडून आणि नगरकडून पालख्या येतात. मुंबईहून कित्येक दिवस चालत आलेली माणसे ऊन टाळण्यासाठी पहाटे व रात्री वाट चालतात. रामनवमी ही ऊस हंगामाच्या अखेरीस येते. म्हणजे रस्त्याच्या एकाच कडेला थकलेला पदयात्री आणि ओझ्याने भरलेली गाडी दोघेही असतात. अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली ही रस्त्यावर ठेवलेल्या भिंतीसारखी असते. मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा अंतर संपलेले असते. ती चुकविण्यासाठी त्याने वाहन एकदम डावीकडे घेतले, तर त्या कडेला पदयात्री असतात. अशा अपघातात ज्याची चूक असते तोच जखमी होतो असे नाही.

म्हणून ट्रेलर लहान असो वा मोठा, मोटारीमागे असो वा ट्रॅक्टरमागे, त्याच्या मागच्या बाजूस दोन्ही कडांना लाल दिवे व लाल परावर्तक पट्ट्या, बाजूस पिवळ्या पट्ट्या, थांबण्याचा व वळण्याचा दिवा ह्या गोष्टी असल्याच पाहिजेत. ऊस, कडबा वा गवताचे भारे ह्या दिव्यांवर लोंबू देऊ नयेत. परावर्तक पट्टीवरील चिखल निघताना फडक्याने पुसणे ह्याला अर्धा मिनिट लागतो. शक्य असेल तेथवर मोटारीमागे ट्रेलर घेऊन अंधारात निघूच नये. बाजार पहाटेचा असेल तर माल आदल्या दिवशी उजेडात पोहोचविण्याची सोय पाहावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हे देखील मोटार वाहनच होय. त्याला इंजिन नाही म्हणून नोंदणी नको, ही समजूत चुकीची आहे. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि त्याला ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही मागे दिसावा लागतो. विमापत्रात ट्रेलरचा समावेश नसेल तर अपघातानंतर भरपाईचा बोजा मालकाच्या शेतावर आणि घरावर येऊ शकतो. एका जोडलेल्या लोखंडी चौकटीपायी सात-बारा गहाण पडावा, ह्यापेक्षा दुःखाची गोष्ट कोणती?

गावच्या वेल्डिंगच्या दुकानात मोटारीच्या मागील पत्र्याला हूक जोडून घेणे हे तर सर्वस्वी टाळले पाहिजे. पुष्कळ लहान मोटारींना वेगळी चौकट नसते. पत्र्याचे अंग हेच त्यांचे बळ. ओढीचा व धक्क्यांचा जोर पत्रा फार दिवस सोसत नाही. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा दिला आहे काय, हे प्रथम पाहावे. आकडा नसेल किंवा ट्रेलर ओढू नये असे लिहिले असेल, तर ती मोटार ह्या कामाची नाही असे समजून विषय तेथेच संपवावा. आकडा असल्यास, ट्रेलर विकत घेण्याआधी श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात जाऊन नोंदणीची रीत, परवानगी व मालवाहतुकीच्या अटी समजून घ्याव्यात. ट्रेलर आधी आणि विचारपूस मागून, हा क्रम उलटा आहे.

अधिक बरा मार्ग

लहान शेतकऱ्याला नको म्हणून सांगून कार्यकर्ता मोकळा होऊ शकत नाही. माल तर बाजारात गेलाच पाहिजे. ज्याच्याकडे पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे, त्याच्यासाठी नोंदविलेली लहान ट्रॉली हाच स्वाभाविक मार्ग होय. ट्रॅक्टर हा ओढण्यासाठीच घडविलेला आहे. त्याचा वेग मुळातच कमी आहे. तथापि त्याचेही काही नियम आहेत. शेतात वळण्यासाठी डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे ठेवतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला आणि मागून ट्रॉलीने रेटले, तर ट्रॅक्टर जागीच आडवा होतो. ट्रॉली नेहमी खालच्या ओढदांड्याला जोडावी. वर, उंच ठिकाणी जोडल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याच्यासाठी सामाईक वाहतूक हा मार्ग आहे. साकुरी, पिंपळवाडी, अस्तगाव किंवा निमगाव कोऱ्हाळे अशा कोणत्याही गावच्या एका शिवारात पेरूच्या पाच-सहा लहान बागा असतील, तर त्यांची तोड एकाच दिवशी ठरविता येते. प्रत्येकाचे दहा क्रेट मिळून पन्नास-साठ क्रेट होतात, म्हणजे एका लहान मालवाहू टेंपोचा माल. भाडे वाटून घेतले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास थोडे येते. शेतकरी गट वा अवजारे बँक असल्यास योग्य रीतीने बांधलेली, ब्रेक व दिवे असलेली एक ट्रॉली सर्वांच्या उपयोगास येऊ शकते. ज्या भूमीने कारखाना सहकाराने उभारून दाखविला, त्या भूमीला सहा बागांची वाहतूक एकत्र करणे अवघड वाटू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

बियाणे, खत आणि औषध ह्यांविषयी गावोगाव प्रात्यक्षिके होतात. वाहतुकीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. माल शेताच्या बांधावर आला की विस्तारकार्याचे काम संपले, असा काहीसा समज आहे. तो सोडून दिला पाहिजे. पीक बाजारात धडपणे पोहोचणे आणि शेतकरी घरी धडपणे परतणे, ह्या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय हंगाम पुरा झाला असे म्हणता येत नाही.

ह्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. हंगामाच्या आरंभी, दिवाळीच्या सुमारास, गावातील सर्व ट्रॉल्या व ट्रेलर एका दिवशी चावडीसमोर किंवा शाळेच्या पटांगणावर बोलवाव्यात आणि पुढील गोष्टी सर्वांसमक्ष तपासाव्यात :

१. जोडाची पिन झिजलेली आहे काय? तिच्या टोकास अडकवणी आहे काय? जोड सुटल्यास ट्रेलर धरून ठेवणारी साखळी आहे काय?

२. मागचे दोन्ही लाल दिवे लागतात काय? परावर्तक पट्ट्या शाबूत आहेत काय?

३. टायर फाटलेले वा गुळगुळीत झालेले आहेत काय? दोन्ही टायरांत हवा सारखी आहे काय? चाकांचे नट घट्ट आहेत काय, आणि आसाला वंगण घातले आहे काय?

४. ट्रेलरला ब्रेक असल्यास ते लागतात काय? नसल्यास किती ओझे भरावयाचे, हे ट्रेलरच्या फळीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे काय?

५. नोंदणी क्रमांक व विमा आहे काय?

नंतर एखाद्या भरलेल्या ट्रेलरचा जोड काट्यावर ठेवून दाखवावा, आणि माल मागे सरकविल्यावर ते वजन कसे कमी होते हेही दाखवावे. मोकळ्या मैदानावर चुन्याची रेघ आखून, तेथे ब्रेक लावून, रिकामा ट्रेलर कोठे थांबतो आणि भरलेला कोठे थांबतो, ह्या दोन जागांवर खुंट्या ठोकाव्यात. वेग ताशी वीस किलोमीटरच ठेवावा व लोकांना दोन्ही बाजूंनी दूर उभे करावे. त्या दोन खुंट्यांमधील अंतर तरुण मुलांना जे शिकवील, ते व्याख्यानाने शिकविता येणार नाही. मागे घेताना स्टिअरिंग उलटे वाटते, हेही तेथेच शिकवावे : स्टिअरिंगचा खालचा भाग हाताने धरला, तर हात ज्या बाजूस न्यावा त्याच बाजूस ट्रेलरची मागची बाजू जाते.

ह्यात स्त्रियांना व मुलांना वगळू नये. सायंकाळी बाजारातून परतताना रिकाम्या ट्रेलरमध्ये बसून येण्याची सवय गावोगाव आहे. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा अधिक उसळतो, आणि त्यात धरावयास काही नसते. माल वाहण्याच्या साधनात माणूस बसवू नये, हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनीच घालून द्यावयास हवा. कार्यकर्त्याच्या सूचनेपेक्षा आजीचा शब्द ह्या बाबतीत अधिक उपयोगी पडतो.

मोटार ही शेतकऱ्याच्या घरात सुखाचे साधन म्हणून आली आहे. तिने जमेल तो भार वाहावा, ह्यात काहीच गैर नाही. परंतु बैलाच्या मानेवर किती जू घालावे हे ज्या शेतकऱ्याला कळते, त्याला यंत्राच्या मागे किती ओझे जोडावे हेही कळले पाहिजे. बैल थकला म्हणजे थांबतो. यंत्राला थांबवावे लागते. म्हणून ओझे चढविण्याआधी, इंजिन सुरू करण्याआधी, एकच प्रश्न स्वतःला विचारावा : पुढच्या वळणावर एखादा वाटसरू आडवा आला, तर हे सारे त्याच्या अलीकडे थांबेल काय? उत्तर निश्चित होय असेल तरच वाहन अंगणाबाहेर काढावे. नसेल तर दोन क्रेट उतरवावेत. ते उद्या नेता येतील.